‘व्यापारी वारे’ या नावातला व्यापार नेमका कोणाचा?

खाडीकाठचा मास्तर (प्रश्न)

नमस्कार. विजयदुर्गच्या खाडीकाठी एका माध्यमिक शाळेत मी भूगोल शिकवतो. गेल्या आठवड्यात ग्रहीय वारे शिकवताना ‘व्यापारी वारे’ (उष्ण कटिबंधात पूर्वेकडून विषुववृत्ताकडे जवळजवळ वर्षभर वाहणारे वारे) या नावाचा उगम मी नेहमीप्रमाणे सांगितला. शिडाच्या जहाजांच्या काळात हे वारे व्यापाऱ्यांच्या सोयीचे होते, म्हणून इंग्रजांनी त्यांना ‘ट्रेड विंड’ म्हटले आणि आपण व्यापारी वारे म्हणतो. मला माझ्या शिक्षकांनी हेच सांगितले होते आणि गेली अठरा वर्षे मी ते तसेच पुढे देत आलो आहे.

या वेळी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. “सर, आमचा दादा आयटीआयला फिटर ट्रेडला आहे. तो ट्रेड आणि हा ट्रेड एकच काय? दादा तर काहीच विकत नाही.” वर्ग हसला, पण मला हसता आले नाही, कारण प्रश्न अगदी रास्त होता. रात्री घरी इंग्रजी शब्दकोश उघडला, तर वाऱ्याच्या नावातल्या ट्रेडचा खरेदीविक्रीशी मुळात संबंध नसून तो ‘वाट’ या जुन्या अर्थाचा आहे, असा त्रोटक खुलासा सापडला.

वाट, फिटरचे काम आणि व्यापार हे तीन अर्थ एका शब्दात आले कसे, आणि वर्गात आता मी काय सांगावे, हे जाणकारांनी कृपया विस्ताराने सांगावे.

सेवानिवृत्त, वेंगुर्ले

सर, आपला शब्दकोश बरोबर सांगतो आहे. मी इंग्रजी शिकवण्यात उभी हयात घालवली, तरी ‘ट्रेड’ची ही कुळकथा मला फार उशिरा कळली, तेव्हा आपण ओशाळण्याचे काहीच कारण नाही.

हा शब्द इंग्रजीत आला तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस, उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या बोलीतून किंवा डच भाषेतून, आणि त्या वेळी त्याचा अर्थ माग, पायवाट, जाण्याचा ठरलेला रस्ता एवढाच होता. तुडवणे, पाऊल टाकणे या अर्थाचे जे इंग्रजी क्रियापद आहे ते याच गोत्रातले. (देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच ‘ट्रेड’ असे लिहावे लागतात, उच्चारातला दीर्घ-ऱ्हस्व फरक आपल्या लिपीत दिसत नाही, पण येथे तो योगायोग कामाचा ठरतो.) पुढच्या दीडशे वर्षांत अर्थ पायरीपायरीने सरकत गेला. ज्या वाटेने माणूस रोज जातो ती वाट, मग त्याची आयुष्य घालवण्याची रीत, मग तो रोज जे काम करतो ते काम, म्हणजे कसब. खरेदीविक्री हा अर्थ सोळाव्या शतकाच्या मध्याला रुळलेला दिसतो, म्हणजे ज्याला आपण आज या शब्दाचा मुख्य अर्थ समजतो तो रांगेत सर्वांत शेवटी आला.

नवा अर्थ आला म्हणून जुना लगेच गेला असेही झाले नाही. शेक्सपिअरच्या ‘दुसरा रिचर्ड’ या नाटकात सिंहासन हातचे जात असलेला राजा म्हणतो की मला हमरस्त्यातच पुरा, म्हणजे प्रजेची पावले तासातासाला राजाच्या डोक्यावरून जातील. तेथे त्याने रस्त्यावरच्या रहदारीला ‘ट्रेड’च म्हटले आहे. हे नाटक १५९५ च्या सुमाराचे, म्हणजे व्यापार हा अर्थ तोवर बाजारात फिरू लागला होता.

वारा याच काळात या शब्दाला येऊन मिळाला. वारा दिशा न बदलता एका वाटेने वाहत राहिला की ‘वारा ट्रेड वाहतो आहे’ अशी खलाशांची बोलण्याची रीत होती. त्यावरून सतराव्या शतकाच्या मध्याला ‘ट्रेड विंड’ हा जोडशब्द तयार झाला. एडमंड हॅले या खगोलशास्त्रज्ञाने १६८६ मध्ये या वाऱ्यांवर निबंध लिहून सोबत नकाशा दिला, आणि १७३५ मध्ये जॉर्ज हॅडलीने पृथ्वीच्या परिवलनाशी त्यांची सांगड घातली. तो भाग आपण शिकवताच. पण या शतकांत इंग्लंडचा सागरी व्यापार इतका फोफावला की ‘ट्रेड’ म्हटल्यावर वाट कोणाला आठवेना. मग नावाला अर्थ हवा म्हणून व्यापाऱ्यांच्या जहाजांची गोष्ट मागाहून जोडली गेली. ती गोष्ट खोटी नाही, कारण जहाजे त्या वाऱ्यांवर खरोखरच जात. फक्त ते नावाचे कारण नव्हे.

मराठी पारिभाषिक शब्द करणाऱ्यांनी हाच मागाहून आलेला अर्थ उचलला. माझे मत विचाराल तर ‘व्यापारी वारे’ हा शब्द सोडून द्यावा आणि ‘पूर्वीय वारे’ एवढाच वापरावा. त्यात निदान दिशा तरी खरी सांगितली जाते.

कानस आणि गुण्या

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत निदेशक आहे, तेव्हा त्या मुलाच्या दादापुरते मी बोलू शकतो. आमच्याकडे ‘ट्रेड’चा जो अर्थ आहे तो वेंगुर्ल्याच्या सरांनी सांगितलेल्या मधल्या पायरीवरचा आहे, म्हणजे कसब. शासनाने त्याचे मराठी ‘व्यापार’ असे कधीच केले नाही, ‘व्यवसाय’ असे केले. फिटरला जोडारी, वेल्डरला संधाता, टर्नरला कातारी ही नावे त्याच व्यवस्थेतली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यातला ट्रेडही हाच, आणि १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातलाही. ब्रिटनमध्ये एकाच कसबाचे कारागीर एकत्र येत, म्हणून ती ट्रेड युनियन. तिला कोणी ‘व्यापारी संघ’ म्हटले तर कामगार आणि व्यापारी दोघेही रागावतील.

वाट आणि कसब यांचा संबंध मला पुस्तकात शोधावा लागला नाही, तो रोज समोर दिसतो. जोडारी व्यवसायाच्या मुलाला सुरुवातीचे आठवडे आम्ही मऊ पोलादाचा एक तुकडा शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळून देतो आणि कानशीने तो सपाट करायला लावतो. पहिल्या दिवशी हात डुलतो, कानस पुढे जाताना वर-खाली होते आणि तुकड्याच्या कडा झिजून मधे फुगवटा राहतो. गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून उजेडाकडे धरला की खालून प्रकाशाची फट दिसते. कितीही समजावले तरी ही फट तोंडी सांगण्याने जात नाही; हात हजार वेळा एकाच रेषेत गेला की एक दिवस ती दिसेनाशी होते. इंग्रजीत वाटेच्या शब्दावरून कसबाचा शब्द निघाला असेल तर मला त्यात नवल वाटत नाही.

एक तक्रार मात्र आहे. हल्ली हीच मुले जेवणाच्या सुट्टीत मोबाइल पुढे करून विचारतात, “सर, तुम्ही ट्रेडिंग करता का?” त्यांच्या प्रवेश अर्जावरचा ट्रेड आणि मोबाइलमधले शेअर बाजाराचे ट्रेडिंग यांत नाते आहे, याची त्यांना कल्पनाही नसते.

पाखाडीवरची

वरच्या दोन्ही उत्तरांतून पुष्कळ कळले. तरी वेंगुर्ल्याच्या सरांच्या शेवटच्या शिफारशीशी मी सहमत नाही, कारण त्यांनी इंग्रजी शब्दाची कूळकथा तपासली, पण मराठी शब्दाची तपासली नाही.

‘व्यापार’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ खरेदीविक्री नव्हे, तर कशात तरी गुंतून राहणे, क्रिया करणे, असा आहे. कामात बुडालेल्या माणसाला आपण ‘व्यापृत’ म्हणतो तो याच धातूवरून. संस्कृत व्याकरणात तर हा पारिभाषिक शब्द आहे. ‘भात शिजवतो’ म्हटले की चूल पेटवणे, भांडे ठेवणे, ढवळणे हा सगळा व्यापार आणि तांदूळ मऊ होणे हे फळ, अशी क्रियापदाच्या अर्थाची फोड वैयाकरण करतात. मराठीतही हा अर्थ पुरता मेलेला नाही. ‘मनोव्यापार’ म्हणताना मनात कोणी दुकान मांडले आहे असे आपल्याला वाटत नाही. म्हणजे इंग्रजी ट्रेड जसा नेमाने करण्याच्या कामावरून देवघेवीवर आला, तसाच आपला व्यापारही क्रियेवरून पेठेत येऊन बसला. ‘उदीम’ही तसाच, मूळचा उद्यम म्हणजे प्रयत्न, पण व्यापारउदीम म्हटले की वखारीच डोळ्यांपुढे येतात. आणि ‘धंदा’ तर आमच्या किनाऱ्यावर मासेमारीलाच म्हणतात. “होडी धंद्यावर गेली” म्हटले की ती जाळी घेऊन गेली हे सांगावे लागत नाही.

वाटेवरून रीतीकडे जाणारा शब्दही आपल्याकडे आहेच, ‘वहिवाट’. आमच्या वाडीत जांभ्याच्या चिऱ्यांची एक जुनी पाखाडी आहे. तिच्या पायऱ्या मधोमध पावलांनी खोलगट झाल्या आहेत आणि पावसात तेवढ्याच भागात पाणी साचते. दोन घरांत त्या पाखाडीवरून कितीतरी वर्षे दावा चालू आहे, आणि दोन्ही बाजूंचा मुद्दा एकच, की आमची वहिवाट आहे. दगडावर ती वाट आहे, कागदावर तो हक्क आहे, बोलण्यात ती रीत आहे. ‘ट्रेड’च्या जुन्या अर्थांना यापेक्षा जवळचा मराठी शब्द मला सुचत नाही.

प्रामाणिकपणे एवढे मान्य करते की ज्याने ‘व्यापारी वारे’ हा शब्द केला त्याच्या मनात मनोव्यापारातला व्यापार नक्कीच नसावा, कारण ‘व्यापारी’ हे विशेषण सरळ पेठेतले आहे. तरी शब्द टाकून देण्यापेक्षा त्याची ही दुहेरी गोष्ट मुलांना सांगितलेली बरी.

तांडेलाचा नातू

माझे आजोबा मंगळुरी कौले आणणाऱ्या गलबतावर तांडेल होते, त्यामुळे वाऱ्याच्या या चर्चेत मला राहवले नाही. मुलांना एक गंमत अवश्य सांगावी. व्यापाऱ्यांना कोकणात ज्या वाऱ्यांनी आणले त्यांच्या नावात व्यापार नाहीच. ते मोसमी वारे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे आली आहेत, आणि तांबड्या समुद्राकडून येणारी जहाजे ज्या नैऋत्य वाऱ्यावर भर समुद्र कापत, त्याचाही उल्लेख आहे.

‘मान्सून’ची गोष्ट ट्रेडच्या नेमकी उलटी आहे. अरबी ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ, हंगाम. अरबी खलाशी अमुक बंदराला निघण्याच्या हंगामाला तो शब्द वापरत. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोन्साव’ केले आणि तेथून तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत गेला. पोर्तुगालच्या राजाचा गोव्याशी जो पत्रव्यवहार दरसालच्या आरमाराबरोबर होई, त्याच्या बाडांना ‘मान्सूनची पुस्तके’ असेच नाव आहे, आणि त्यांत पावसाचा संबंध नाही, जहाजे येण्याजाण्याच्या हंगामाचा आहे. ब्राझीलमध्ये तर साओ पाउलोकडून नदीमार्गाने आतल्या सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या होड्यांच्या तांड्यांनाही अठराव्या शतकात हेच नाव मिळाले. आज आपण ‘मान्सून आला’ म्हणतो तेव्हा पाऊस आला असे म्हणत असतो. आजोबांच्या लेखी मात्र तो गलबत बंद ठेवण्याचा काळ होता. गलबत वर ओढायचे, झापांनी शाकारायचे आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दोर वळत बसायचे. ज्या शब्दाने जहाजे सुटण्याचा हंगाम दाखवला, त्याच शब्दाने आमच्याकडे ती बांधून ठेवली.

आणि हे दोन वारे जुन्या खलाशांना इतके वेगळे वाटतही नव्हते. विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्दीने १६९९ मध्ये छापलेल्या लेखनात ट्रेड विंडचेच प्रकार पाडले आहेत. काही वर्षभर एका दिशेने वाहणारे, तर काही सहा महिने एकीकडून आणि सहा महिने बरोबर उलटीकडून. हवामानाच्या दृष्टीनेही त्यात तथ्य आहे, कारण दक्षिण गोलार्धातले आग्नेयेकडचे व्यापारी वारेच विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे होऊन जूनमध्ये आपल्या कौलांवर आदळतात.

खाडीकाठचा मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल वर्गात पृथ्वीगोल फिरवून आग्नेयेचे वारे विषुववृत्तापलीकडे कसे वळतात ते दाखवले आणि त्यानंतर वाट, कसब, देवघेव हे तिन्ही अर्थ फळ्यावर लिहिले. पाखाडीवरच्या ताईंची ‘वहिवाट’ मुलांना लगेच कळली, कारण निम्म्या वर्गाच्या घरी तसा एखादा दावा आहे. ज्याने प्रश्न विचारला होता त्याने संध्याकाळी दादाला फोन करून ‘तू शिकतोस ती वाट आहे’ असे सांगितले, आणि दादाने ‘मग एकदा येऊन कानस धर’ असे उत्तर दिले, हे त्याने आज मला येऊन सांगितले.

‘व्यापारी वारे’ हे नाव मी तूर्त ठेवतो आहे, कारण पाठ्यपुस्तकात आणि नकाशात मुलांना तेही भेटणार. ‘पूर्वीय’ कंसात लिहायला लावले आहे. अडचण एकच उरली आहे. घटक चाचणीची प्रश्नपत्रिका आधीच छापून झाली असून ‘या वाऱ्यांना व्यापारी वारे का म्हणतात?’ हा दोन गुणांचा प्रश्न तिच्यात माझ्याच हातचा आहे. नमुना उत्तर मी बदलले, पण सुट्टीवर असलेल्या मुलांनी जुने उत्तर लिहिले तरी त्यांना दोन्ही गुण देणार आहे, कारण ते मीच शिकवले होते.