टिल्टरोटरला मराठीत काय म्हणायचं?

तापीकाठ : मंडळी, पुतण्याने फोनवर अमेरिकन मरीनवाल्यांच्या व्ही-२२ ऑस्प्रेचा व्हिडीओ दाखवला, जागेवरून सरळ वर उठतं आणि मग मोठाले पंखे पुढे झुकवून विमानासारखं सुसाट पळतं. आबा बघून म्हणे, "हाई काय शे भो, इमान का हेलिकॉप्टर?" मी 'कलंडतं विमान' म्हणालो तर घरात हशा. इंग्रजीत याला टिल्टरोटर म्हणतात, मराठीत बरोबर शब्द काय मग?

भुसावळी : हसणारच ना भाऊ, कलंडते ती केळीने भरलेली ट्रॉली! कलंडणं म्हणजे तोल जाऊन आडवं होणं. दिवस कलतो ते वेगळं. इथे पायलट मुद्दाम करतो म्हणजे 'कलवणं'. मी तरी 'झुकपंखी विमान' म्हणेन.

धुळेकर : झुकपंखी नको, घोळ होईल. पंख वेगळा, पंखा वेगळा. उडताना ऑस्प्रेचा पंख जागचा हलत नाही, त्याच्या दोन टोकांचे इंजिनाचे डबे पंख्यासकट फिरतात. अख्खा पंखच फिरतो तो प्रकार निराळा, त्याला टिल्टविंग म्हणतात. घरातला उभा फॅन आठवा, मानेमागचा स्क्रू ढिला करून मुंडी वर केली तरी दांडा तिथेच. मुंडी आकाशाकडे तर उचलतो, समोर तर ओढतो. आतून दोन्हीकडचं शाफ्टने जोडलेलं, एक इंजिन गेलं तरी दुसरं दोन्ही पंखे फिरवतं.

तापीकाठ : मग 'कलत्या इंजिनाचं विमान'?

धुळेकर : तेही फसतं. अमेरिकन आर्मीने २०२२ मध्ये निवडलेल्या व्ही-२८० या दुसऱ्या टिल्टरोटरमध्ये इंजिन स्थिर असतं, नुसता पंखा कलतो. म्हणून 'कलत्या पंख्यांचं विमान', लांबलचक आहे पण खोटं नाही.

भुसावळी : पटलं. पण एवढा खटाटोप कशाला करतात?

धुळेकर : १९८० ला इराणमधल्या ओलिसांना सोडवायची मोहीम फसली, हेलिकॉप्टरंच बिघडली, तेव्हापासून धावपट्टी नको पण लांब आणि वेगात जाणारं काहीतरी पाहिजे अशी मागणी जोरात झाली. ऑस्प्रे पहिल्यांदा उडालं १९८९ ला, सेवेत आलं २००७ ला, २४ सैनिक बसतात आणि वेग ताशी ५०० किमीच्या आसपास. जहाजावर ठेवायला मात्र पंख्यांची पाती मिटतात आणि पंख वळवून विमानाच्या लांबीला समांतर करून घेतात.

तापीकाठ : आबांना म्हटलं सरळ टिल्टरोटरच म्हणू. तर म्हणे, "रोटर? वावरमा मारतस तो?"