अथेन्समधील सोडतीचा कारभार आजच्या लोकशाहीला काही शिकवतो का?

मेघमल्हार (धागालेखक)

प्राचीन ग्रीसचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे सॉक्रेटिसाचा विषाचा प्याला, अलेक्झांडरची स्वारी आणि ऑलिंपिकचे खेळ यांच्याभोवती फिरते, आणि लोकशाहीच्या संदर्भात ‘अथेन्स ही लोकशाहीची जन्मभूमी’ एवढे म्हणून आपण पुढे जातो. ती लोकशाही प्रत्यक्षात चालत कशी होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. माझ्या मते तिचा गाभा सोडतीत होता. निवडणुकीला तिथे दुय्यम स्थान होते, आणि आज आपण उचलावे असे काही तिच्यात असेल तर ते हेच आहे.

इ. स. पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनीस या अथेन्सच्या नेत्याने जुन्या कुळांचे वर्चस्व मोडण्यासाठी नागरिकांचे दहा नवे गट पाडले आणि प्रत्येक गटातून पन्नास याप्रमाणे पाचशे जणांचे मंडळ उभे केले. पुढे या मंडळावरची नेमणूक चिठ्ठ्यांनीच होऊ लागली. वयाची तिशी पूर्ण झालेली असावी लागे, मुदत एक वर्षाची असे आणि जन्मात दोनदाच तिथे बसता येई. प्रत्येक गटाचे पन्नास सभासद वर्षाचा दहावा हिस्सा रोजचा कारभार पाहत, आणि त्यांच्यातून रोज एकाचे नाव सोडतीने निघे. तो एक रात्र आणि एक दिवस नगराचा प्रमुख असे. खजिना ज्या देवळांत ठेवलेला असे त्यांच्या किल्ल्या आणि नगराचा शिक्का तेवढा वेळ त्याच्याजवळ असे. हा मान आयुष्यात एकदाच मिळे. प्रौढ पुरुष नागरिक साधारण तीस हजार धरले, तर ऑलिव्हच्या बागेत राबणाऱ्या किंवा चामडे कमावणाऱ्या माणसालाही मंडळात बसण्याची संधी किती खरी होती, हे लक्षात येईल.

न्यायालयांसाठी तर त्यांनी सोडतीचे यंत्रच बनवले होते. त्याला क्लेरोटेरिऑन म्हणत, आणि त्याचा एक तुकडा आजही अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात पाहायला मिळतो. संगमरवरी शिळेत खाचांच्या ओळी कोरलेल्या असत. स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गाव कोरलेली काशाची पट्टी प्रत्येक इच्छुक त्या खाचेत खोवत असे. कडेच्या नळीत पांढऱ्या आणि काळ्या सोंगट्या ओतत. खालून पांढरी सोंगटी पडली की एक अख्खी आडवी ओळ त्या दिवशीच्या ज्युरीत जाई आणि काळी पडली की ती ओळ घरी जाई. कोणापुढे कोणता खटला येणार हे त्या सकाळपर्यंत कोणालाच ठाऊक नसल्यामुळे लाच द्यायची कोणाला, हा प्रश्नच होता. शिवाय पद सोडताना प्रत्येकाला हिशेब द्यावा लागे, तो वेगळाच.

सोडत म्हणजे आंधळेपणा, असे कोणी म्हणेल. ॲरिस्टॉटलने मात्र सोडतीला लोकशाहीची खूण मानले आणि निवडणुकीला मोजक्यांच्या सत्तेची, कारण निवडणुकीत पैसा, घराणे आणि वक्तृत्व असलेलाच पुढे सरकतो. आयर्लंडने २०१६ मध्ये सोडतीने निवडलेल्या ९९ नागरिकांसमोर गर्भपाताचा प्रश्न ठेवला. त्यांच्या शिफारशीनंतर मे २०१८ मध्ये सार्वमत झाले आणि ६६ टक्के मतांनी घटनादुरुस्ती मान्य झाली. ज्या प्रश्नाला राजकीय पक्ष हात लावायला धजत नव्हते, तो सामान्य माणसांनी तज्ज्ञांना ऐकून, आपसांत बोलून सोडवला. आपल्यालाही सोडत परकी नाही. महापालिकेच्या निवडणुकीआधी प्रभागांच्या आरक्षणाची चिठ्ठी आपण लहान मुलाच्या हाताने काढतो, आणि २०१७ मध्ये मुंबईत दोन उमेदवारांची मते समान झाली तेव्हा निकालही चिठ्ठीनेच लागला. मग प्रभाग समित्यांवरच्या काही जागा मतदारयादीतून सोडतीने भरायला काय हरकत आहे?

नांगरट

आपला लेख आस्थेने लिहिलेला आहे, पण त्यातून फार मोठी गोष्ट सुटली आहे. तीस हजार नागरिक म्हणताना बायका, गुलाम आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहून कर भरणारे परके या साऱ्यांना आपण एका झटक्यात बाहेर ठेवले. इ. स. पू. ४५१ च्या कायद्याने तर आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असल्याशिवाय नागरिकत्वच मिळेना, आणि तो कायदा लोकशाहीचा शिरोमणी समजल्या जाणाऱ्या पेरिक्लीसने आणला.

ज्युरीवर बसणाऱ्याला क्लेऑन या नेत्याच्या काळात दिवसाला तीन ओबोल, म्हणजे चांदीची लहान नाणी, मिळत. त्याच काळात निकियास नावाचा श्रीमंत सेनापती आपले हजार गुलाम अथेन्सच्याच मुलखातल्या लॉरियनच्या चांदीच्या खाणींना भाड्याने देत होता, माणशी रोज एक ओबोल दराने, आणि तो ओबोल गुलामाच्या हातात पडत नसे. त्या खाणींचे बोगदे इतके अरुंद होते की माणसाला सरपटत जावे लागे. त्या चांदीची नाणी शहरात आली की ती खरी की खोटी हे तपासायलाही सरकारी गुलामच बसवलेला असे, इ. स. पू. ३७५ च्या सुमाराचा तो कायदा दगडावर कोरलेला सापडला आहे आणि गुलामाने काम चुकवले तर पन्नास फटके, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. राज्याचे चलन ज्याच्या नजरेवर विसंबून होते, त्याची पट्टी त्या संगमरवरी खाचेत कधीच बसली नसती. अथेन्सशी युद्ध चालू असताना स्पार्टाने अथेन्सजवळच्या डेकेलियाला तळ ठोकल्यावर वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेल्याची नोंद त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीस याने केली आहे. त्या व्यवस्थेविषयीचे आपले मत त्या गुलामांनी पायांनी नोंदवले होते.

राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ टिकणार नाही, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला होता. अथेन्सने ती विसंगती कायद्यानेच पक्की केली होती. अशा व्यवस्थेतून आदर्श शोधणे मला पटत नाही.

मेघमल्हार

नांगरट, लॉरियनबद्दल आपण लिहिले ते सर्व खरे आहे आणि माझ्या लेखात ते यायला हवे होते. तरीही एक भेद करावासा वाटतो. गुलामगिरी त्या काळी कोरिंथमध्ये होती, पर्शियात होती, आणि स्पार्टात तर हेलट लोकांची अख्खी जमात दास्यात होती. सोडत मात्र एवढ्या प्रमाणावर अथेन्सनेच राबवली. एखादे साधन अन्यायी समाजात घडले म्हणून ते टाकून द्यायचे ठरवले, तर माणसाच्या हाती फारच थोडी साधने उरतील.

दीपमाळ

मला गुलामगिरीपेक्षा दुसरीच भीती वाटते. इ. स. पू. ४०६ मध्ये लेस्बॉसजवळच्या आर्गिनुसाई बेटांपाशी अथेन्सच्या आरमाराने स्पार्टाचा मोठा पराभव केला. त्यात अथेन्सची पंचवीस जहाजे निकामी झाली आणि वादळ उठल्यामुळे पाण्यात पडलेल्यांना वाचवता आले नाही. शहरात शोक उसळला. आठ सेनापतींवर एकत्रच, एकाच मतदानाने खटला चालवण्याचा प्रस्ताव नागरिकांच्या खुल्या सभेत आला, जो कायद्याच्या विरुद्ध होता, कारण प्रत्येकाची बाजू स्वतंत्रपणे ऐकायला हवी होती. कोणी हरकत घेतली तेव्हा, लोकांना वाटेल ते करू न देणे हाच अन्याय आहे, असा ओरडा झाला. अथेन्सला परत आलेल्या सहाही सेनापतींना, म्हणजे जिंकून आलेल्या माणसांना, ठार मारण्यात आले. त्यांत पेरिक्लीसचा मुलगाही होता. नंतर लोकांना पश्चात्ताप झाला, पण तो त्या सहांच्या काय कामाचा? सामान्य माणसाच्या शहाणपणावर आपला एवढा विश्वास असेल, तर या दिवसाचे काय करायचे ते आधी सांगावे. शिवाय युद्धासारख्या कामासाठी सेनापती मात्र अथेन्सही हात वर करून निवडत असे, सोडतीने नव्हे. जिथे कौशल्य लागते तिथे सोडत चालत नाही, हे त्यांनाही कळत होते.

मेघमल्हार

सेनापतींबद्दलचा मुद्दा मान्य आहे. शल्यचिकित्सक किंवा अभियंता सोडतीने नेमावा असे मी कधीच म्हणणार नाही. पण आर्गिनुसाईचा दिवस सोडतीच्या विरोधात साक्ष देतो, असे मला वाटत नाही. तो निर्णय हजारोंच्या खुल्या सभेत, संतापाच्या भरात झाला. त्या दिवशी कारभार पाहणाऱ्या पन्नासांपैकी शेवटपर्यंत विरोध करणारा एक माणूस होता, सॉक्रेटिस, आणि त्याला तिथे सोडतीने आणून बसवले होते. निवडणुकीत मते मागायला तो कधी उभाच राहिला नसता. त्याचे कोणी ऐकले नाही, हे दुःखद आहे.

त्यानंतर अथेन्सने काय केले तेही पाहावे. स्पार्टाशी चाललेले युद्ध हरल्यावर, इ. स. पू. ४०३ मध्ये लोकशाही पुन्हा उभी राहिली तेव्हा सभेचा कोणताही ठराव कायद्याहून वरचढ ठरणार नाही, असा नियम त्यांनी केला. नवे कायदे करण्याचे काम पुढे शपथबद्ध ज्युरींमधून नेमलेल्या मंडळांकडे आले, आणि ते ज्युरी दरवर्षी सोडतीनेच निवडले जात. तिथे दोन्ही बाजू ऐकाव्या लागत. दीपमाळ, आपण ज्या लगामाची मागणी करीत आहात, तो त्यांनी घातला, आणि तो सोडतीने आलेल्यांच्या हाती दिला.

नांगरट

हे मला ठाऊक नव्हते आणि ते महत्त्वाचे आहे, हे मान्य करतो. पण माझा आक्षेप शिळेतल्या खाचेशीच अडतो: कोणाची पट्टी तिथे पोहोचते? आपण मतदारयादीतून नावे काढा म्हणता. आमच्या भागातली ऊसतोडीची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात आणि हंगाम संपला की उन्हाळ्यात परततात. यादीत त्यांची नावे असली, तरी हिवाळ्यात निघालेल्या चिठ्ठीवर त्यांचे नाव आले तर बैठकीला येणार कोण, आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी देणार कोण? अथेन्सने निदान आपल्या गरीब नागरिकाला तीन ओबोल दिले होते. आपल्या प्रस्तावात ती रक्कम किती आहे, हे आपण अजून लिहिलेले नाही.