मदत हवी आहे: बैठक व्यवस्थेत वेळ जातो, आणि ‘१ किंवा २’ हे उत्तर येतं तरी कुठून?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात ॲप्टिट्यूड टेस्ट आहे. अंकमालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध वगैरे निभावतं. घोडं अडतं ते बैठक व्यवस्थेत आणि विधाने-निष्कर्षात. काल हे कोडं घेतलं:

सहा जण एका रांगेत उत्तरेकडे तोंड करून बसले आहेत. ब आणि ड यांच्यामध्ये बरोबर दोघे आहेत. फ टोकाला नाही. इ हा क च्या लगेच उजवीकडे आहे. ड हा अ चा शेजारी नाही. अ डावीकडून दुसरा आहे. तर फ च्या लगेच उजवीकडे कोण?

पहिलं वाक्य वाचलं आणि लगेच रांगा आखायला बसले. ब-ड च्या सहा शक्यता निघाल्या. प्रत्येकीत फ कुठे कुठे बसेल ते लिहिता लिहिता पान भरलं. चौथी रांग खोडताना पाचवीवरही काट बसली. नऊ मिनिटांनी उत्तर आलं इ. उत्तरसूचीत ड आहे.

दुसरं दुखणं हे:

विधाने: सर्व पेन्सिली वह्या आहेत. काही वह्या डबे आहेत.
निष्कर्ष १: काही पेन्सिली डबे आहेत.
निष्कर्ष २: एकही पेन्सिल डबा नाही.

दोन्ही निघत नाहीत हे मला कळलं, म्हणून ‘दोन्ही नाही’ वर खूण केली. उत्तर दिलंय ‘१ किंवा २’. जे निघत नाही ते निघत नाही ना? मग हे ‘किंवा’ कुठून आलं?

उताऱ्यांबद्दलही विचारायचंय, पण आधी एवढं.

वाचनमात्र:
पेन्सिली वह्या असतात हे मान्य केलंत तिथेच अर्धी परीक्षा पास झालात. :)

पाटीपेन्सिल:
कोड्यात चूक नाही, सुरुवात चुकली. वाक्यं ज्या क्रमाने छापलीत त्या क्रमाने सोडवायची असं कुणी सांगितलंय? कोडं रचणारा बहुतेक वेळा सगळ्यात घट्ट वाक्य मुद्दाम शेवटी टाकतो. आधी पेन खाली ठेवून सगळी वाक्यं एकदा वाचा आणि ज्यात जागा पक्की दिलीय ते वाक्य शोधा. इथे ते अ चं आहे. सहा जणांच्या एकूण ७२० रचना होतात. ‘अ दुसरा’ म्हटलं की १२० उरतात.

आता सहा रेघा मारून दुसरीवर अ लिहा. ब-ड च्या जागा १-४, २-५ किंवा ३-६. दुसरी जागा गेली, म्हणून २-५ बाद. क-इ ही जोडी चिकटलेली आहे, तिला लागोपाठच्या दोन जागा हव्यात. ब-ड १-४ वर बसवले तर रिकाम्या राहतात ३, ५, ६. जोडी जाते ५-६ वर आणि फ तिसरा. ३-६ वर बसवले तर रिकाम्या १, ४, ५. जोडी ४-५ वर आणि फ पहिला, म्हणजे टोकाला. ते चालत नाही, तेव्हा ही शाखा खलास. राहिले १ आणि ४. ड पहिला बसला तर अ चा शेजारी होतो, म्हणून तो चौथा.

ब अ फ ड क इ. दोनच आकृत्या लागल्या. ‘नाही’ वाली वाक्यं रचायला उपयोगी पडत नाहीत, मोडायला पडतात. ती हाताशी ठेवायची आणि शक्यता उभी राहिली की तिच्यावर मारायची. तुम्ही ‘फ टोकाला नाही’ हे दुसऱ्याच पायरीला वापरलंत, म्हणून पान भरलं.

आणि कृपा करून खोडू नका. बाद झालेल्या रांगेपुढे नुसती फुली मारा.

धागाकर्ती:
बापरे, दोन आकृत्या! आता गोल टेबलाचं एक कोडं याच रीतीने घेतलं. पाच मिनिटांत सुटलं, पण डावं-उजवं उलटं झालं.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांची तोंडं मध्याकडे असतील तर उजवीकडे म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. पाठ करण्यापेक्षा आकृतीत घड्याळाच्या सहाच्या आकड्यापाशी स्वतःला बसवा, उजवा हात आपोआप तीनच्या आकड्याकडे जातो. तोंडं बाहेर असतील तर बरोबर उलट.

उलटतपासणी:
‘१ किंवा २’ बद्दल. तुमचा प्रश्न रास्त आहे, पुस्तकांत याला नियम म्हणून चिकटवून टाकतात आणि कारण देत नाहीत.

दोन आकृत्या काढा. दोन्हींत पेन्सिलींचं वर्तुळ वह्यांच्या वर्तुळाच्या पोटात. पहिलीत डब्यांचं वर्तुळ वह्यांना कडेने छेदू द्या, पेन्सिलींना शिवू देऊ नका. दिलेली विधानं खरी राहिली, निष्कर्ष १ मोडला. दुसरीत डबे पेन्सिलींपर्यंत पोचू द्या. विधानं अजूनही खरी, निष्कर्ष २ मोडला. म्हणून एकटा कुणीच खात्रीचा नाही. इथपर्यंत तुम्ही बरोबर होतात.

आता अशी आकृती काढून दाखवा जिच्यात दोन्ही एकदम मोडतात. डब्यांनी पेन्सिलींना स्पर्श केलाय किंवा नाही केला, तिसरी अवस्थाच नाही. म्हणजे कोणता खरा ते माहीत नाही, पण दोघांपैकी एक खरा आहे हे पक्कं. ‘१ किंवा २’ मध्ये एवढंच म्हटलंय.

सापळा असा की निष्कर्ष १ च्या जागी ‘सर्व पेन्सिली डबे आहेत’ असतं तर हे चाललं नसतं. थोड्या पेन्सिली डबे आणि थोड्या नाहीत, अशी आकृती निघते आणि ‘सर्व’ व ‘एकही नाही’ दोन्ही एकदम पडतात. तिथे तुमचं ‘दोन्ही नाही’ बरोबर ठरलं असतं.

वाचनमात्र:
पण सगळ्याच पेन्सिली डबे निघाल्या तर? मग ‘काही पेन्सिली डबे आहेत’ खोटं नाही का झालं?

उलटतपासणी:
नाही. बोलण्यात ‘काही मुलं आली’ म्हटलं की आपण ‘सगळी आली नाहीत’ असं ऐकतो. तर्कात ‘काही’ म्हणजे निदान एक. सगळी असली तरी हरकत नाही. निम्म्या चुका या एका शब्दापायी होतात.

धागाकर्ती:
लख्ख कळलं. आता उतारे. ‘बरोबर / चूक / सांगता येत नाही’ यातला तिसरा पर्याय मला भित्रेपणाचा वाटतो. उतारा: ‘कार्यालयात उशिरा येणाऱ्यांपैकी बहुतेक जण बसने येतात.’ विधान: ‘बसने येणारे बहुतेक जण उशिरा येतात.’ मी ‘बरोबर’ म्हटलं.

उलटतपासणी:
समजा दहा जण उशिरा येतात, त्यातले आठ बसने. उतारा खरा. पण बसने येणारे एकूण दोनशे असतील तर? दोनशेतले आठ. विधान पडलं. उलट बसने येणारे आठच असतील तर विधान खरं. उतारा दोन्हीकडे तसाच, म्हणून ‘सांगता येत नाही’. ‘बहुतेक’ आणि ‘सर्व’ वाली वाक्यं उलटवता येत नाहीत. ‘काही’ आणि ‘एकही नाही’ वाली येतात.

आणि तुमची सवय दिसतेय ती अशी: विधान पटलं की तुम्ही त्याला पूरक चित्र डोळ्यांपुढे आणता. विरोधातलं आणून बघा. हे करून पाहा, ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेलं कोडं आहे, मी फक्त अक्षरं आपली घातलीत. चार कार्डं: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम पाळलाय का हे तपासायला नेमकी कोणती कार्डं उलटाल?

धागाकर्ती:
अ आणि ४.

उलटतपासणी:
४ च्या मागे क निघाला तर नियम मोडतो?

धागाकर्ती:
... नाही. व्यंजनाबद्दल नियम काही बोलतच नाही. थांबा.

७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. अ आणि ७.

पाटीपेन्सिल:
या कोड्यात ‘अ आणि ४’ म्हणणारेच जास्त असतात, मीही म्हटलं होतं. आता ते गोल टेबलाचं इथे टाका, डावं-उजवं बघू.