क्रिएटिव्ह रायटिंगची पदवी करावी काय? नोकरी सोडायच्या आधी विचारायलोय

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. मराठी शाळा, टिळकवाडीत बीए, सध्या उद्यमबागेत एका फौंड्रीत डिस्पॅचला. वय 28. आठ-नऊ कथा झाल्यात, दोन दिवाळी अंकांत आल्या. तिसरी एका संपादकांनी परत धाडली, "भाषा प्रमाण करून द्या" म्हणून. कथेतली आजी नातवाला म्हणते, "जेवलास न्हवं गा?" त्यांनी लाल पेनानं केलंय, "जेवलास ना रे?" ही आजी मला तरी पुण्याची वाटते.

तेव्हापासून डोक्यात आहे की नीट शिकावं. अमेरिकेत दोन-तीन वर्षांचा एमएफए असतो, म्हणजे मास्टर ऑफ फाइन आर्ट्स. काही ठिकाणी फी माफ, वर स्टायपेंड, बदल्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवायचं. इंग्लंडात एमए एका वर्षात होतो, पण पैसे बहुधा आपलेच. बाबा म्हणतात, भाताचं वीस गुंठे विकू. मला झोप नाही. कुणी केलंय काय हे?

मूळ खानापूर, आता पुणे:
मी केलाय, अमेरिकेत, स्टायपेंडवर. आयोवा विद्यापीठाचं लेखनाचं वर्कशॉप 1936 पासूनचं, बऱ्याच विद्यापीठांनी पद्धत तिथलीच उचललीय. कथा आठवडाभर आधी सगळ्यांना द्यायची. मग दहा-बाराजण टेबलाभोवती बसून ती फाडतात आणि लेखकानं तोंड मिटून ऐकायचं.

माझ्या कथेत भांडण होतं मामा आणि काकाचं, वाटणीवरून. इंग्रजीत दोघेही अंकल! अर्धा तास चर्चा, की हा एकच माणूस दोनदा रागावतो कशाला. मी 'आईचा भाऊ' असं दर पानावर घातलं, तर कथा वंशावळीसारखी झाली. शेवटी एक नायजेरियन मैत्रीण म्हणाली, सरळ 'मामा' लिही, वाचणाऱ्याला तिसऱ्या पानावर कळेल. एवढ्या एका वाक्यासाठी दोन वर्षं गेली म्हण, पण ते मला इथं कुणी सांगितलं नसतं.

बाकी खरं सांगतो. चाळीस निबंध तपासून रात्री अकराला लिहायला बसायचो. इथं कॉलेजात शिकवायला लागायचं तर नेट, के-सेट या पात्रता परीक्षा नाहीतर पीएचडीच विचारतात, ही पदवी फायलीत पडून असते. स्टायपेंड मिळाला तर जा. शेत विकून अजिबात जाऊ नको.

निवृत्त शिक्षक, शहापूर:
बाळ, आता कुणीतरी म्हणेल, इंदिरा संत याच बेळगावात राहून लिहीत होत्या, त्यांनी कुठला कोर्स केला? ते ऐकू नकोस. त्या पिढीला संपादक होते. 'सत्यकथे'त राम पटवर्धनांसारखा माणूस कथेवर लेखकाशी पत्रानं बोलायचा. ते मासिक 1982 ला बंद पडलं. आता आपल्याकडं गावोगावी संमेलनं होतात, कडोलीला, येळ्ळूरला; मांडवात टाळ्या मिळतात, पण तिसरा परिच्छेद कशाला घातलास असं कोण विचारत नाही. तुझी भूक खरी आहे. त्यासाठी सातासमुद्रापार जावं लागतं काय, एवढाच प्रश्न. रविवारी कथा घेऊन ये. मी पेन्सिल वापरतो, लाल पेन नाही.

निपाणीकर:
एक मुद्दा सुटला. अर्जासोबत साधारण पंचवीस-तीस पानं लागतात, तीही इंग्रजीत. आयोवात स्पॅनिशमध्ये लिहायला वेगळा एमएफए आहे, मराठीला कोण देणार? पण तिथंच साहित्यानुवादाचाही एमएफए आहे. तुम्हाला कन्नड येतंच की. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही असलेला माणूस तिथं रोज येत नसेल. मुदती बहुतेक डिसेंबर-जानेवारीत असतात.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार. बाबांना शेताचं नको म्हणून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण दोन घास जास्त जेवले. अनुवादाचं डोक्यात नव्हतं. काल रात्री आजीचं ते वाक्य इंग्रजीत करून बघितलं. 'गा'ला काही सापडेना, तसाच ठेवलाय.

सर, रविवारी दुपारची शिफ्ट आहे, सकाळी नऊला आलो तर चालेल काय? परत आलेली कथा आणू की नवी?