मदत हवी आहे: हात पुरत नाही, १२ फ्रेटची गिटार घ्यावी की छोट्या स्केलची?

प्रश्न

सध्या १४ फ्रेटची (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या बॉडीची गिटार आहे. नट (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) ४३ मिमी रुंद, नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत ३२२.५ मिमी, तारा १२-५३ (जाडी, इंचाच्या हजारांशात). पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड धरताना डावं कोपर जवळपास सरळ होतं, खांदा ओढला जातो. दुकानदार म्हणतात, '१२ फ्रेटची घ्या, नेक आखूड असते.' पण त्यातल्या बऱ्याच गिटारींचं स्केलही (नट ते ब्रिज, तारेची वाजणारी लांबी) ६४५ मिमीच आहे. मग आखूड नक्की काय होतं? वाजवणं फिंगरस्टाइल, दहाव्या फ्रेटच्या वर क्वचितच.

खरज_पंचम

१२ आणि १४ हा आकडा नेक बॉडीला कुठे मिळते ते सांगतो. तारेची लांबी वेगळी. ६४५ च्या स्केलवर नटपासून चौदावा फ्रेट ३५८ मिमीवर, बारावा ३२२.५ वर. म्हणजे नट बॉडीच्या ३५ मिमी जवळ येतो. ६३२ चं छोटं स्केल घेऊन १४ फ्रेटच ठेवले, तर जेमतेम ७ मिमी. तिथे खरा फायदा ताणाचा: त्याच तारा, तोच सूर, ताण सुमारे ४ टक्के कमी.

पण ते ३५ मिमी दर वेळी पदरात पडत नाहीत. १९२९ मध्ये अटलांटाचे बँजोवादक पेरी बेक्टेल यांनी मार्टिन या गिटार कंपनीकडे लांब नेकची गिटार मागितली, वरचे फ्रेट मोकळे हवेत म्हणून. मार्टिनने स्केल तसंच ठेवून आपल्या ट्रिपल-ओ (०००) या १२ फ्रेट मॉडेलच्या बॉडीचे खांदे जवळपास इंचभर आखूड केले. ती ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल), १४ फ्रेटची. म्हणून जुन्या घाटाच्या १२ फ्रेट गिटारीत खांदेच लांब असतात आणि जवळ आलेलं अंतर बरंचसं तिथेच खर्ची पडतं. १४ फ्रेटच्याच बॉडीवर ब्रिज (तारा बॉडीला बांधतात ती पट्टी) मागे सरकवून केलेली १२ फ्रेट मिळाली, तर हात खरोखर जवळ येतो. शिवाय ब्रिज बॉडीच्या रुंद भागात बसतो, खरज भरदार लागतो.

दुकानात टेप घेऊनच जा. मांडीवर टेकते त्या कंबरेपासून नटपर्यंत मोजा, तेच माप आपल्या ड्रेडनॉटचं घ्या आणि ताडून बघा.

सॅडलवाला

वरच्याशी पूर्ण सहमत. नटची रुंदीही बघा. १२ फ्रेट गिटारींचा नट बऱ्याचदा ४६ ते ४८ मिमी असतो. फिंगरस्टाइलला छान, पण तळवा लहान असेल तर एफ आणखी जड जाईल. ४४.५ चा मिळाला तर उत्तम.

आणि खरेदीआधी आहे त्या गिटारीचा नट तपासा. तार दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा, पहिल्या फ्रेटवर कागदाएवढीच फट दिसली पाहिजे. जास्त असेल तर खाचा उंच आहेत आणि एफ त्यामुळेच अडतोय. खाच जपून घासून घ्या, खोल गेली तर मोकळी तार खरखरते आणि नटच बदलावा लागतो. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड तारेला २.४, बारीक तारेला १.८ मिमीच्या आसपास ठेवा. खांद्याचा ताण मात्र याने जाणार नाही, त्यासाठी गिटारच बदलावी लागेल.

प्रश्नकर्ता

कटअवे (वरच्या फ्रेटपर्यंत हात जावा म्हणून बॉडीला दिलेला काप) नसेल तर चालेल ना?

खरज_पंचम

दहाव्याच्या वर जात नसाल तर खुशाल. फक्त केस गिटारीबरोबरच घ्या, ड्रेडनॉटच्या केसमध्ये ती हलत राहते.