घोणशीची पिल्लं पोट फाडत नाहीत

घोणस या विषारी सापाची पिल्लं आईचं पोट फाडून बाहेर येतात आणि ती मरते, असं कोणी कोणी म्हणतं. आमच्याकडेही हेच सांगायचे, पण ते खरं नाही. नाग, मण्यार अंडी घालतात. घोणस आणि फुरसं अंडी पोटातच वाढवून थेट पिल्लं देतात. एका जूनमध्ये सर्पमित्राने पकडलेली घोणस पिंपातच व्यायली. पातळ, ओलसर पिशवीत वेटोळं घातलेलं पिल्लू, नाकाने पापुद्रा फाडून बाहेर! मोजून सव्वीस. आई धडधाकट. वीतभर जीव, पण लगेच फुसफुसायला लागले.

विष आणि दात जन्मापासूनच असतात बरं का. डुरक्या घोणस हा घोणशीसारखा दिसणारा वेगळा, बिनविषारी साप. घोणशीचं पिल्लू बघून 'डुरक्या घोणस आहे, बिनविषारी' म्हणत हात घालणारे मी पाहिलेत!