मदत हवी आहे: फ्रीलान्स पायलट, होम बेस (ड्यूटी जिथून सुरू होते आणि संपते ते ठिकाण) जर्मनीतलं कोलोन, कंपनी कुठे काढावी?

करार माल्टातल्या ऑपरेटरशी, दिवसाच्या दराने. एजंटचा हट्ट: आयर्लंडमध्ये लिमिटेड काढा, 12.5 टक्केच कर. पण युरोपीय नियम 883/2004, कलम 11(5) विमान कर्मचाऱ्याची सामाजिक सुरक्षा होम बेसला बांधतं, म्हणजे ए-1 दाखला (कुठल्या देशाची सामाजिक सुरक्षा लागू, ते सांगणारा) जर्मनीचाच. आणि कंपनीचे निर्णय कोलोनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होणार, म्हणजे करही जर्मनीतच लागणार, तर डब्लिनचा पत्ता काय कामाचा?

खरी मेख वेगळीच. विमान, रोस्टर, गणवेश सगळं ऑपरेटरचं, ग्राहकही एकच. जर्मन पेन्शन विमा संस्थेकडे स्थिती-निश्चितीचा (स्वतंत्र व्यावसायिक की नोकरदार, हे ठरवून घेण्याचा) अर्ज केला तर 'नोकरदार' हाच शेरा येईल, असं वाटतं.

ड्यूटी नाकारायचा हक्क करारात लिहून, दुसरा ग्राहक जोडून कुणाला 'स्वतंत्र व्यावसायिक' असा शेरा मिळालाय का? करारातली नेमकी वाक्यं सांगाल?